यंत्रांचा पोळा

ज्या माणसाने जन्मात कधी बकरीच्या पाठीवरूनसुद्धा हात फिरवला नव्हता, त्याच्याकडे आमच्या शाळेतल्या बालवर्गाला प्राणी शिकवायचं काम आलं, हा मध्य भारत सरकारने इंदूरशी केलेला पहिला विनोद. दुसरा विनोद असा की त्या माणसाने ते काम आनंदाने पत्करलं, आणि प्राणी सोडून पोरांना यंत्रं शिकवायला सुरुवात केली.

आम्ही त्यांना तोंडावर गुरुजी म्हणायचो आणि पाठीमागे दाणेवाले. संस्थानच्या काळात ते पागेकडे नोकरीला होते. पागेकडे म्हटलं की ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे उधळलेला घोडा, मांडीखाली खोगीर, हातात चाबूक असं काहीतरी येतं, आणि ते तसं येऊ देण्यात त्यांना फार सुख वाटायचं. प्रत्यक्षात ते पागेच्या कोठारात बसून घोड्यांचा हरभरा आणि गूळ मापून देत. घोडे त्यांनी पाहिले ते कोठाराच्या खिडकीतून. पुढे संस्थान विलीन झालं, पागा मोडली, घोडे कुठे कुठे गेले आणि माणसं उरली. उरलेल्या माणसांचं काय करायचं हा नव्या सरकारपुढे मोठाच प्रश्न होता. तो सरकारने आपल्या पद्धतीने सोडवला. जिथे जागा रिकामी दिसली तिथे एक माणूस ठेवून दिला. दरबारचा कुणी आचारी म्हणे जंगलखात्यात गेला. आम्हाला दाणेवाले मिळाले.

मी पहिलीला शिकवायची. रीतसर ट्रेनिंग घेतलेली, धड्याचं टाचण काढून वर्गात जाणारी, आणि त्या गोष्टीचा थोडा ताठा बाळगणारी बाई होते मी. छत्रीबागेतल्या आमच्या त्या शाळेत पहिली आणि बालवर्ग यांच्यामध्ये भिंत नव्हती. एक लाकडी पार्टिशन होतं, तेही छातीएवढं. त्यामुळे गुरुजींचं प्रत्येक वाक्य माझ्या वर्गात हजेरी लावायचं. मी इकडे बाराखडी घोटून घेत असायची आणि पलीकडून आवाज यायचा, "सांगा पाहू, शिवायच्या मशीनचं तोंड कुठे?"

"खाली!" पोरं ओरडायची.

"आणि ती खाते काय?"

"कापड!"

"बिलकुल नाही. कापड तर ती नुसतं टोचते. खाते तेल. मग एका जागी बसून टोच टोच करणारी कोण?"

"कोंबडी!"

"शाब्बास! खुडूक कोंबडी."

यावर टाळ्या. माझी पहिलीतली पोरं पार्टिशनवरून माना काढून तिकडे बघायची आणि मी त्यांच्या डोक्यावर पट्टी आपटायची. कोंबडी तेल खात नाही, हे त्या वर्गात कुणाला सुचायचं नाही, आणि सुचलं असतं तरी गुरुजींनी सोय करून ठेवली असती.

कोणत्याही यंत्राला ते चार प्रश्न विचारत. खातं काय, पितं काय, ओरडतं कसं आणि शेण कुठे टाकतं. चौथ्या प्रश्नावर वर्ग लोळायचा. आगगाडीच्या इंजिनाचं शेण म्हणजे राख, चरखीचं शेण म्हणजे उसाचं चिपाड, छापखान्याचं शेण म्हणजे शाईचे बोळे. अर्धा तास हे शेणपुराण चालायचं. सायकल म्हणजे बकरी, कारण अंगात मांस नाही आणि कुठल्याही गल्लीत शिरते. घड्याळ पोपट, कारण शिकवलेलं तेवढंच बोलतं. छापखान्याचं मशीन ससा, कारण त्याला एका वेळी पुष्कळ पिल्लं होतात आणि सगळी सारखी दिसतात. आम्हाला ट्रेनिंगमध्ये शिकवलं होतं की मुलाला माहीत असलेल्या गोष्टीपासून माहीत नसलेल्या गोष्टीकडे न्यावं. गुरुजी ज्याने हत्ती पाहिला नाही आणि रोड रोलरही पाहिला नाही अशा पोराला एका अंधारातून दुसऱ्या अंधारात न्यायचे, आणि पोरगं खुशीत जायचं.

मी मोठ्या बाईंकडे, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिकांकडे, तक्रार घेऊन गेले होते. त्यांनी चष्मा काढला, पुसला आणि विचारलं, "बालवर्गात पोरं रडतात का?"

"नाही."

"गुरुजी येण्याअगोदर?"

अगोदर सगळी सकाळ भोकाड चालायचं, हे खरं होतं.

"मग झालं तर," असं म्हणून त्यांनी चष्मा पुन्हा लावला. शाळा म्हणजे पोरं न रडण्याची जागा, एवढीच ज्यांची अपेक्षा, त्यांच्याशी मी काय बोलणार.

आता गुरुजींच्या जनावरांविषयीच्या प्रेमाबद्दल. हा माणूस बारा महिने तेरा काळ छत्री घेऊन फिरायचा. उन्हाळ्यात ती उन्हासाठी, पावसाळ्यात पावसासाठी असा कुणाचाही समज व्हावा. छत्री होती कुत्र्यांसाठी. कुणाच्या दारी गेले की नमस्काराच्या आधी प्रश्न यायचा, "बांधलंय ना?" ज्यांच्याकडे कुत्रं कधी नव्हतंच तेही बिचारे "हो हो, बांधलंय" म्हणायचे. गाय रस्त्याच्या डाव्या बाजूला दिसली की हे उजव्या बाजूला, आणि दोन्हीकडे गाई असल्या की शाळेला उशीर. अशा वेळी ते उशिराचं कारण सांगत, "काय करू, रस्ता बंद होता."

एकदा राजवाड्यासमोर रस्त्याचं काम निघालं आणि तिथे रोड रोलर आला. गुरुजींच्या अंगात उत्साह संचारला. पोरांना हत्ती दाखवायचा म्हणून बालवर्गाची रांग काढली आणि मदतीला मला घेतलं. माझी मुलगी कुंदा त्याच वर्गात होती, म्हणून मी गेले, नाहीतर असल्या वरातीत मी गेले नसते. रोलर धुराचे लोट सोडत पुढे-मागे होत होता. गुरुजी त्याच्यासमोर पागेच्या सरदारासारखे उभे राहून सांगत होते, "बघा, चालतो कसा धीमा. घाई नाही करत. आणि जिथे पाय ठेवला तिथे जमीन सपाट."

इतक्यात कृष्णपुऱ्याच्या बाजूने एक साधू आपला खराखुरा हत्ती घेऊन आला. कपाळावर रंग, गळ्यात घंटा, सोंड हलवत दुकानादुकानापुढे थांबत चाललेला. पोरं आनंदाने चीत्कारली. मी वळून पाहिलं तर गुरुजी नाहीत. ते कापडाच्या एका दुकानात शिरले होते, आणि लठ्ठ्याच्या ताग्यांमागून फक्त त्यांची टोपी दिसत होती. बालवर्गातली सगळी पोरं हत्तीच्या पायाशी, आणि त्यांचे गुरुजी गादीवर!

कुंदा हत्तीच्या सोंडेला हात लावून मोठ्याने म्हणाली, "गुरुजी, हा तर अगदी रोलरसारखा आहे!"

ताग्यांमागून आवाज आला, "शाब्बास, बेटा."

मला त्या माणसाचा राग यायचा. विनोद म्हणून सांगायला हे ठीक आहे, पण तेव्हा खरा राग यायचा, पोटातून. घरी मी हा किस्सा सांगितला तर आमच्याकडच्यांनी, म्हणजे माझ्या नवऱ्याने, पोट धरून हसून घेतलं. ते सेक्रेटरिएटमध्ये कारकून होते. थंडीत सरकार ग्वाल्हेरला आणि उन्हाळ्यात इंदूरला बिऱ्हाड हलवायचं, आणि हेही फायलींच्या पेट्यांबरोबर जात-येत. "गुरुजींनी आमचं सेक्रेटरिएट पाहायला हवं," ते म्हणाले. "त्याचं जनावर त्यांना सापडेल. पिल्लं तोंडात धरून घर बदलणारं मांजर." त्यांना गुरुजी आवडायचे. ज्यांना त्यांच्याशेजारी बसून काम करावं लागत नव्हतं त्या सगळ्यांना गुरुजी आवडायचे.

पुढे मध्य भारतच राहिला नाही, राजधानी भोपाळला गेली. गुरुजी त्यानंतरही बरीच वर्षं शाळेत होते आणि निवृत्त होईपर्यंत अनट्रेंडच राहिले. निरोपसमारंभात कुणीतरी त्यांना 'बालमनाचे जाणकार' वगैरे म्हटलं. मी हार घालायला उठले नाही. पण मला सांगायचं आहे ते त्या पोळ्याच्या वर्षाचं.

आपल्याकडे इंदूरच्या मराठी घरांतून पोळा कसा होतो हे नव्याने सांगायला नको. बैल दारात नसला तरी कुंभाराकडून मातीची जोडी आणायची, पाटावर मांडायची, कुंकू लावायचं, पुरणपोळी दाखवायची. बैलाला त्या दिवशी काम नाही. यात चूक काहीच नाही, मी स्वतः करते. गुरुजींनी त्या वर्षी फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं, 'यंत्रांचा पोळा'. वर्षभर राबणाऱ्या जनावराची पूजा करतो, मग वर्षभर राबणाऱ्या मशीनने काय पाप केलंय, असा त्यांचा सवाल होता. बालवर्गाला सवाल कळला नाही, पण गूळ कळला. प्रत्येकाने घरून गुळाचा खडा आणायचा होता.

मग ती दिंडी गल्लीतून निघाली. शिंप्याने मशीन थांबवलं, पोरांनी त्याला कुंकू लावलं, चाकाला हात लावून नमस्कार केला. सायकलवाल्याने पंप थांबवला. शेवटी कोपऱ्यावरची पिठाची चक्की. ही गुरुजींची सगळ्यात लाडकी. तिचं ऑइल इंजिन काळं, तेलकट, बाजूला पाण्याची टाकी, भिंतीतून बाहेर काढलेल्या नळीतून सारखं पुक पुक चाललेलं. ही म्हैस आहे असं त्यांचं मत होतं. पाण्याशिवाय तिला चैन पडत नाही, दिवसभर रवंथ करते आणि पांढरं शुभ्र देते. एवढा बिनतोड पुरावा असल्यावर कोण काय म्हणणार? चक्कीवाला मोठा हौशी माणूस. "आओ गुरुजी, आज तो भैंस की छुट्टी," म्हणत त्याने इंजिन बंद केलं. इंजिनापासून जात्यापर्यंत जाणारा तो रुंद पट्टा थांबला. पोरांनी एकेक करून पट्ट्यावर हात फिरवला आणि चाकाच्या आऱ्यांत गुळाचे खडे ठेवले. कुंदाने पट्ट्याला गाल लावला.

मी पाहत होते. न राहवून मी म्हणाले, "गुरुजी, हे चालू असतं तेव्हा?"

"चालू असताना कशाला जातील, बाई? मी सांगितलंय ना त्यांना, जेवताना जनावराला छेडू नये."

पुढच्याच आठवड्यात कुंदा चालू चक्कीला गूळ भरवायला गेली.

मी तिला शेजारणीबरोबर पाठवलं होतं. शेजारीण गव्हाचा डबा नंबराला लावून कुणाशी बोलत उभी होती. कुंदाने फ्रॉकच्या खिशातून गुळाचा खडा काढला आणि हात लांब करून पट्ट्याच्या तोंडाशी, चाक जिथे पट्टा ओढून घेतं तिथे, धरला. बाही गेली. चक्कीवाल्याने पोरीच्या कमरेला मिठी मारून तिला मागे खेचलं. बाही खांद्यापासून फाटून आत गेली आणि पलीकडून चिंध्या होऊन बाहेर आली. कुंदाचा हात कोपरापासून मनगटापर्यंत सोलला होता. हाड शाबूत होतं. डॉक्टरांनी पट्टी बांधली आणि म्हणाले, फ्रॉक जुना होता म्हणून शिवण उसवली, नवा असता तर हात बाहीबरोबर गेला असता.

घरी आल्यावर ती फारशी रडली नाही. मी तिला मांडीवर घेऊन बसले होते. ती माझ्या हनुवटीला हात लावून म्हणाली, "आई, म्हैस रागावली माझ्यावर. मी जेवताना छेडलं ना तिला."

"ती म्हैस नाही गं. ते मशीन आहे. लोखंड."

"हो, पण म्हैसच आहे. मी उद्या गुळाचा मोठा खडा नेते. समजूत काढते तिची."

मी समजावलं, ओरडले, एक चापटही मारली. शेवटी ती "बरं" म्हणाली. आई रागावली की म्हणायचं असतं तसं बरं. थोड्या वेळाने पाहते तर बाईसाहेब स्वयंपाकघरात पाटावर चढून गुळाचा डबा शोधतायत, एका हाताने, दुसरा हात गळ्यातल्या झोळीत. मी डबा उंच फळीवर ठेवला, दाराला वरची कडी लावली. पण पोर काही कडीत राहत नाही. शाळेच्या रस्त्यावर ती चक्की होती आणि आज ना उद्या कुंदा माझा हात सोडून तिची समजूत काढायला जाणार होती, हे मला स्वच्छ दिसत होतं. आणि एकटी कुंदाच कशाला, त्या वर्गातल्या सगळ्या पोरांच्या मनात म्हैस होती.

दुसऱ्या दिवशी शाळा भरायच्या आत मी बालवर्गात गेले. गुरुजी फळा पुसत होते.

"गुरुजी, माझ्या पोरीचा हात गेला असता काल."

"समजलं मला, बाई. फार बुरं झालं. सकाळी चक्कीवर जाऊन पण आलो मी." मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "चक्कीवाल्याने पट्टा नवा घातलाय. नव्या पट्ट्याने ती जरा बिचकून राहिली आहे. पहिल्या पट्ट्यावर कधी असं केलं नव्हतं तिने."

म्हशीची बाजू! माझ्या पोरीचा हात सोलून निघाला आणि हा माणूस माझ्यासमोर म्हशीची वकिली करत होता. मी आयुष्यात इतकी संतापले नसेन.

"ती? ती म्हणजे कोण हो? राजवाड्यावर हत्ती आला तेव्हा लठ्ठ्याच्या ताग्यांमागे लपलात तुम्ही. कुत्र्यासाठी छत्री बाळगता. खरं जनावर दिसलं की तुमची बोबडी वळते, आणि माझ्या पोरीला सांगता चक्कीला गूळ भरव?"

त्यांचा चेहरा उतरला. मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. डस्टर हातात तसाच धरून ते हळू म्हणाले, "जनावराचा भरवसा नसतो, बाई. मशीनचा असतो. मशीन आपल्या मनाने काही करत नाही. म्हणून तर मी..."

"तेच तर! मनच नाही त्याला. माझ्या माहेरी देवासकडे बैलाच्या पायाखाली माझा भाऊ रांगत गेला होता. बैलाने पाय उचलला तो तसाच अधांतरी धरला, आई येऊन उचलेपर्यंत. तुमची चक्की धरेल पाय वर?"

ते पुन्हा फळा पुसू लागले.

"पोरांना सांगा, हे सगळं खोटं आहे म्हणून."

"तुम्ही सांगा ना, बाई. तुम्ही ट्रेंड आहात. तुम्हाला बरोबर शब्दांत सांगता येईल." हे ते टोमण्याने म्हणाले नाहीत, खरोखरच म्हणाले, त्यामुळे मला जास्तच झोंबलं.

"मी सांगितलं. मारून सांगितलं. ती माझं ऐकत नाही." पुढचं वाक्य बोलताना माझी जीभ कडू झाली. "तुमचं ऐकेल."

त्यानंतर तीन-चार दिवस पार्टिशनच्या पलीकडून यंत्राचं नाव आलं नाही. गुरुजी पोरांकडून नुसत्या रेघा काढून घेत होते. मी मनात म्हटलं, झालं, एवढीच यांची हिंमत. कबूल करण्यापेक्षा गप्प बसणं सोपं, आणि माझी पोर रोज शाळेतून येताना मान वळवून चक्कीकडे बघत होती. मी तिचा हात इतका घट्ट धरायची की ती कळवळायची.

मग एका सकाळी ते माझ्या वर्गाच्या दारात आले. काखेत कापडाचं गाठोडं होतं.

"बाई, पोरांना चक्कीवर घेऊन जाऊन राहिलोय. तुम्ही पण चला. कुंदाचा हात धरून ठेवा."

चक्कीवाल्याने लांबूनच विचारलं, "क्या गुरुजी, फिर पूजा?"

"पूजा नाही, भिया. आज चालू राहू दे."

त्यांनी जमिनीवर खडूने एक रेघ ओढली आणि पोरांना रेघेच्या अलीकडे बसवलं. मग गाठोडं सोडलं. आतून काळा बंद गळ्याचा कोट निघाला, संस्थानच्या नोकरीतला. पंधरा ऑगस्टला आणि घरच्या लग्नकार्यात तेवढा तो अंगावर चढायचा, एरवी वर्षभर ट्रंकेत डांबराच्या गोळ्यांत असायचा. त्याच्या एका बाहीत त्यांनी वाळलेलं गवत ठासून भरलं होतं. मनगटाशी सुतळीने बांधलं होतं आणि पुढे गुळाचा खडा अडकवला होता.

चक्कीवाला घाबरला. "अरे गुरुजी, बटन होंगे इसमें! पट्टा फट जाएगा मेरा!"

"काढले बटन. सगळे काढले." मग ते पोरांकडे वळले. "ही बाही कुणाची?"

"तुमची!"

"मी म्हशीला किती दिवसांपासून ओळखतो?"

"खूऽप!"

"गूळ कितीदा दिला?"

"खूऽप!"

"मग ती मला ओळखेल. हो की नाही?"

"होऽ!" त्यात कुंदाचा आवाज सगळ्यांच्या वर होता.

गुरुजी इंजिनाकडे वळून नेहमीच्या आवाजात म्हणाले, "काय म्हशीबाई, कशा आहात? गूळ आणलाय." पोरं खुदखुदली. मग त्यांनी कोट खांद्यापाशी धरून ती भरलेली बाही पुढे केली, कुंदाने हात धरला होता त्याच जागी.

एकच हिसका बसला. बाही मनगटापासून खांद्यापर्यंत आत गेली आणि तिच्यामागे अख्खा कोट त्यांच्या हातातून सुटून गेला. चाकाभोवती काळं कापड गुंडाळलं, थाड थाड आपटलं, गवत उडून पोरांच्या डोक्यावर पडलं. पट्टा किंचाळला. चक्कीवाल्याने शिव्या हासडत लाकडाने पट्टा उतरवला तेव्हा कोटाची लक्तरं खाली पडली. एकही पोर हसत नव्हतं.

त्याही क्षणी माझ्या मनात आलं ते हेच की एखादं जुनं पोतं आणलं असतं तरी भागलं असतं. इतका चांगला कोट! पण नाही, यांना सगळ्याचं नाटक करायला हवं. मी तशी बाई आहे, आणि त्यांच्याबद्दलचं माझं मत त्या कोटाने बदललं नाही.

गुरुजींनी बाहीचा एक तुकडा उचलून पोरांना दाखवला. "बघा. ओळखलं नाही तिने मला," ते म्हणाले. "कारण ती म्हैस नाहीच. मी खोटं सांगितलं तुम्हाला. कोंबडी पण खोटी. हत्ती पण खोटा. कुणी मशीनला हात लावायचा नाही. लाड करायचे नाहीत. रेघेच्या पलीकडे जायचं नाही."

मागच्या ओळीतलं एक पोर रडायला लागलं, मग दुसरं. गुरुजी आल्यापासून बालवर्गात रडण्याचा आवाज पहिल्यांदाच येत होता आणि तो कसा थांबवायचा हे त्यांना माहीत नव्हतं.

कुंदा रडली नाही. ती माझा हात धरून त्या थांबलेल्या चाकाकडे बघत होती. तिने विचारलं, "गुरुजी, तिला खूप भूक लागली होती का?"

या प्रश्नाची त्यांच्याकडे एरवी दहा उत्तरं असायची. ते तिच्यासमोर उकिडवे बसले, पट्टी बांधलेल्या तिच्या हाताकडे त्यांनी पाहिलं आणि म्हणाले, "नाही गं, बेटा. भूक लागली असती तर पोट भरल्यावर थांबली असती."

कुंदाने तो हात हळूच मागे घेतला आणि माझ्या पदराखाली लपवला.